निकिताचं दुसरं विमान

पाथर्डीच्या स्टँडबाहेर सहादेवची जीप एकाच गोष्टीसाठी बदनाम आहे. भरल्याशिवाय ती हलत नाही. कुणाचा लग्नाचा मुहूर्त टळो नाहीतर कोर्टाची तारीख, एक जरी सीट रिकामी असली तरी सहादेव खाली उभा राहून "शेवगाव, शेवगाव" ओरडत असतो. बायका शिव्या घालतात आणि पुन्हा त्याच्याच जीपमध्ये बसतात.

त्या दिवशी मात्र तो ओरडायचंच विसरला. त्याची लेक निकिता पहाटे मुंबईहून टोरांटोला निघाली होती. अंतर बारा-तेरा हजार किलोमीटर, म्हणजे त्याची जीप चार महिने पळते तेवढं. मध्ये फ्रँकफर्टला विमान बदलायचं होतं आणि पहिलंच विमान तासभर लेट. उद्या सकाळी पोरगी कॉलेजात हजर झाली नाही तर प्रवेश रद्द.

"दुसरं सुटायला किती येळ हाय?" त्यानं चहावाल्या अजिनाथला विचारलं. विमानाचा नकाशा अजिनाथच्याच मोबाईलवर होता.

"अर्धा तास. अन् आपलं अजून हवेतच हाय."

"त्या ड्रायव्हरचा नंबर काढ."

"कोनाचा?"

"दुसऱ्या विमानाच्या. पोरगी मागच्या गाडीत हाय, थोडं थांब म्हनतो. मी फोन केला की शेवगावात नेवाशाचा ड्रायव्हर थांबतो का न्हाई?"

"भाऊ, तितं असली वळख चालत न्हाई. दारं लावली की संपलं."

सहादेव मटकन बाकड्यावर बसला. खिडकीतून रुमाल टाकून जागा कशी धरायची, हे त्यानं पोरीला लहानपणीच शिकवलं होतं. पण विमानाची खिडकी उघडत नाही म्हणे.

"सहाद्या, निघतो का उतरू?" जीपमधून केशरबाई कडाडली. "दोन सीटांपायी आमाला हितं वाळवतो का?"

सहादेवनं मागं न बघताच हात हलवला.

"टेकलं," अजिनाथ म्हणाला. त्यानंतर काहीच नाही. दुसरं विमान सुटायची वेळ झाली, टळून गेली. सहादेवच्या चहावर साय धरली. तो मोबाईलकडे असा बघत होता, जणू नजर हलली तर विमान सुटेल.

आणि सहादेवच्या खिशातला फोन वाजला.

"आप्पा, बसले! दुसऱ्यात बसले!"

"आगं, थांबलं कसं?"

"आमच्या विमानातल्या चाळीस जणांना ह्याच्यात बसायचं होतं. एवढ्या सीटा मोकळ्या ठेवून कसे सोडतील? आधीपासून बसलेले लई कावलेत, आप्पा. अगदी तुमच्या जीपसारखं."

सहादेवनं उपरण्यानं डोळे पुसले आणि छाती पुढे काढून जीपकडे गेला.

"ऐकलं का मावशी? जर्मनीत बी भरल्याबिगर सोडत न्हाईत."

"मग तिकडंच जाऊन चालव," केशरबाई म्हणाली. "पर आधी आमाला शेवगावला सोड."

सहादेवनं रिकाम्या दोन सीटांकडे बघितलं, घसा खाकरला आणि सगळा स्टँड वळून बघेल असा ओरडला,

"शेवगाव! शेवगाव!"