छपरातली सावली

सत्कार झाला की कुणीतरी विचारतंच, मानवी हक्कांच्या कामाकडे तुम्ही कशा वळलात? मी काहीतरी गुळगुळीत सांगून सुटका करून घेते. खरं उत्तर सांगोल्याकडच्या एका छपरात आहे, आणि ते शाल-नारळ हातात घेऊन सांगण्यासारखं नाही.

सत्तरच्या दशकातला तो मोठा दुष्काळ. मी नोकरीत नवी, सोलापूरच्या आमच्या कचेरीत एकटीच बाई अधिकारी. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे माझी चूक व्हायची वाट बघत असल्यासारखे वाटायचे. त्यामुळे नियमाला मी पुरुषांपेक्षा कडक. दौऱ्याचा कार्यक्रम आठ दिवस आधी पाठवायचा म्हणजे पाठवायचा. आधी कळलं की माणसं काय काय झाकून ठेवतात, हे कळण्याइतकी अक्कल तेव्हा नव्हती.

एप्रिलमध्ये एका पाझर तलावाच्या दुष्काळी कामाची तपासणी होती. बायका पाट्यांनी माती वाहत होत्या. छप्पर एकच, चार मेढी रोवून वर बाभळीचे फाटे टाकलेले. कडबा जनावरांनाच पुरत नव्हता, तो छपरावर कोण घालणार? मुकादमानं आत टेबल-खुर्ची मांडली होती, तांब्या झाकून ठेवला होता. दोन तास मी तिथं बसून हजेरीपट तपासला. बाहेर नजर ठरत नव्हती, असं ऊन.

मेढीला वर एक दोरी लोंबत होती.

"ही कशाची?"

"शेरडं बांधायची हाय की, बाईसाहेब," मुकादम म्हणाला.

शेरडाची दोरी डोक्याच्या वर कोण बांधतं? प्रश्न पडला, पण मी विचारला नाही. जेवायला उशीर होत होता, हेही खरंच. शेऱ्यात लिहिलं, 'लहान मुलांसाठी सावलीची सोय आहे.' खाली झोकदार सही केली.

एक तक्ता घ्यायचा राहिला होता, म्हणून चार दिवसांनी न कळवताच परत गेले. छपरात लुगड्यांच्या पाच झोळ्या टांगलेल्या, प्रत्येकीत एक तान्हं. सहावी दोरी रिकामी. माती टाकून येणाऱ्या एका पोरसवदा बाईला मी विचारलं, ही कुणाची?

"माझी व्हती," ती म्हणाली. "तुमी येनार म्हनून समदी पोरं भरावाच्या पल्याड नेली, उनात. माझं लेकरू तापलं, ते निवलंच न्हाय. दुसऱ्या दिशी गेलं."

"मग मला सांगायचं नाही का त्याच वेळी?" मी चिडून विचारलं. हो, चिडूनच. त्या चिडण्याची मला अजून लाज वाटते.

तिनं आवाज चढवला नाही. "काय सांगायचं? सावलीत तुमीच बसला व्हता की. पावन्याला कोन उठवतं?"

मी सगळं लिहून साहेबांपुढं ठेवलं, माझ्या शेऱ्यासकट. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "जबाबदार शोधायला गेलो तर पहिल्या तुम्हीच सापडाल. नोकरी करायची आहे ना?" कागद परत दिला. मी तो घेतला आणि गप्प बसले. नोकरी मला हवी होती. महिन्याभरानं सगळ्या कामांवर पाळण्यांसाठी वेगळं छप्पर घालायचा हुकूम निघाला. वरातीमागून घोडं.

पुढं बदल्या झाल्या, बढत्या मिळाल्या, निवृत्तीनंतर बालहक्क आयोगाचं अध्यक्षपद आलं. मी कुठंही कळवून जात नाही. गेल्यावर पहिला प्रश्न हाच, मी आल्याचं कळल्यावर इथून कुणाला हलवलं? अधिकाऱ्यांचे चेहरे उतरतात. मला त्याचं समाधान वाटत नाही.

परवा एका सुधारगृहात अधीक्षकांनी घाईघाईनं झाडाखाली खुर्ची मांडली. मी उन्हात उभीच राहिले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, अध्यक्षबाईंचा साधेपणा.

त्या बाईचं नाव हजेरीपटात होतं. त्या दिवशी छपरात बसून मी ते वाचलं होतं, पुढं बरोबरची खूणही केली होती. किती आठवून पाहिलं, पण नाव आठवत नाही.