दुसऱ्या दिवशी येणाऱ्या बाई

वॉर्ड ऑफिसात परवाना निरीक्षक म्हणून मी रुजू झालो, त्याच आठवड्यात श्रीमती प्रभाताई दळवी यांनी मला बसमध्ये चढवलं. त्या माझ्या वरिष्ठ. भांडुपच्या एका चौकात नवा सिग्नल बसला होता आणि एका बस ड्रायव्हरची तक्रार आली होती, की अंधार पडल्यावर तिथे लाल कुठला नि हिरवा कुठला हेच कळत नाही. माझी कल्पना अशी, की चौकात जायचं, मान वर करून बघायचं, शेरा लिहायचा आणि कोपऱ्यावर चहा घ्यायचा. प्रभाताईंनी थेट डेपो गाठला. त्याच ड्रायव्हरच्या गाडीत आम्ही चढलो आणि त्याच्या सीटमागचा दांडा धरून उभे राहिलो.

"तक्रार जिथून आलीय तिथून बघायचं, पेडणेकर," त्या म्हणाल्या. "फुटपाथवरून सगळंच ठीक दिसतं."

चौक आला. सिग्नलच्या बरोबर मागे एका व्हिडिओ पार्लरची पाटी होती आणि तिच्याभोवती लाल-हिरव्या दिव्यांची माळ गरगर पळत होती. ड्रायव्हरने गाडी हळू केली. "बघा ना बाई, ह्यातला माझा कुठला?" मला सांगता आलं नाही. दुपारपासून पोटात काही नव्हतं, त्यामुळे त्या दिव्यांचा मला जरा जास्तच राग आला.

ती ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत उपनगरं तेव्हा वायरींनी आणि दिव्यांनी भरत चालली होती. गच्च्यांवर अँटेना, एका इमारतीवरून रस्ता ओलांडून दुसरीवर गेलेली व्हिडिओची केबल, विजेच्या खांबाला बांधलेले भोंगे, दुकानांवर नाचणाऱ्या पाट्या. नियम होते. ते कपाटात होते. आमच्याकडचा रिवाज असा, की तक्रार आली की नोटीस काढायची आणि नोटीस निघाली की विसरून जायचं. प्रभाताई मात्र नोटिशीची मुदत संपली की शिडी घेऊन हजर होत. ओळखीपाळखीचा त्यांना काही उपयोग नसे. स्वतःच्या सोसायटीची रस्त्यावरून नेलेली केबल त्यांनी उतरवायला लावली तेव्हा घरात त्यांच्याशी आठवडाभर कोणी धड बोलत नव्हतं, असं त्यांचे यजमान हसत सांगत.

पार्लर होतं गोविंद घाडी यांचं. मूळचे मालवणकडचे, गिरणीत होते. संपात गिरणी गेली, तेव्हा हातात जे आलं ते सगळं त्यांनी त्या खोलीत आणि त्या पाटीत घातलं होतं. नोटीस मिळूनही त्यांनी माळ काढली नाही. सिग्नलजवळ लाल-हिरवा दिवा चालत नाही, असा नियम स्पष्ट होता. आम्ही ती पाटी उतरवली. घाडी रस्त्यात उभे राहून जे बोलले ते प्रभाताईंच्या या गौरवग्रंथात छापण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभाताई म्हणाल्या, "चला, घाडींकडे."

"आता कशाला? काम झालं की."

"आपण काल आलो तेव्हा आपल्याबरोबर पोलीस होता. त्यांना आपल्याला काही बोलता आलं असेल का?"

मला तर ते भरपूर बोलले असं वाटत होतं. पण गेलो. प्रभाताईंच्या हातात ना कागद, ना पेन. घाडी स्टुलावर बसून होते. "गिरणी गेली, आता ही खोलीपण घेऊन जावा," असं सुरू करून ते पुष्कळ बोलले. प्रभाताई उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. ते थांबले तेव्हा एवढंच म्हणाल्या, "पांढरा दिवा लावा, एका जागी जळणारा. त्याला मनाई नाही. गल्लीच्या बाजूने तर लांबून दिसेल." घाडी म्हणाले, "तुमचा दिवा तुमच्याकडेच ठेवा, बाई." आम्ही निघालो.

ही त्यांची कायमची पद्धत होती, हे मला हळूहळू कळलं. ज्याची पाटी, भोंगा, वायर काढली त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने जायचं आणि त्याचं ऐकून घ्यायचं. कोणी शिव्या देत, कोणी उलट चहा पुढे करत. शिव्या त्या घेत, चहा घेत नसत. "माझ्या सहीने तुमची वस्तू उतरलीय. तुमचा चहा मला चालणार नाही." मला चालला असता, पण मला कोणी विचारत नव्हतं.

ऑफिसला या भेटींचा अर्थ एकच लागला. आमच्या खात्यात निरीक्षक दुसऱ्या दिवशी पोलिसाशिवाय दुकानात गेला, तर तो कशाला गेला हे कोणी विचारत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं. तेव्हा एक दिवस निनावी तक्रार आली, की दळवीबाई आधी पाट्या उतरवतात आणि मग मिटवायला जातात. चौकशी लागली. ती होईपर्यंत त्यांना जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. नोकरी जाण्याची वेळ होती आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांचं नाव जाण्याची. काल नमस्कार करणारी माणसं बाजूने जाऊ लागली. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, मी साक्ष देतो, मी बरोबर होतो. त्या म्हणाल्या, "तुम्ही माझे. तुमचं कोण ऐकणार? ज्यांच्या पाट्या काढल्या त्यांनाच बोलवायला सांगितलंय मी."

मी कपाळाला हात लावला. त्या माणसांना तर आयती संधी मिळणार होती.

घाडी आले. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, बाई दुसऱ्या दिवशी आल्या होत्या का? घाडी म्हणाले, आल्या होत्या. किती मागितले? मी दारात उभा राहून ऐकत होतो.

"खोटा कित्याक बोलू, साहेब?" घाडी म्हणाले. "ह्या बाईंनी माझी वाट लावली, ते मी कुठेपण सांगीन. पण मागितलं काहीच नाही. मी इतकं बोललो, ऐकून घेतलं. पाणी पण नाय प्यायल्या माझ्याकडचं. गिरणी गेली तेव्हा आमच्या दारात कोण आलेलं, साहेब? ह्या आल्या."

त्यांच्यामागून इतर दुकानदारही आले आणि जवळपास तेच बोलले. चौकशी बंद झाली. प्रभाताई पुन्हा परवाना विभागात आल्या आणि टेबल पुसून कामाला लागल्या. घाडींच्या पाटीवर पुढे पांढरा दिवा लागला. तो गल्लीच्या बाजूने होता.

माझे वडील गेले तेव्हा सगळं ऑफिस स्मशानात आलं होतं. प्रभाताई दुसऱ्या दिवशी आल्या, डब्यात पिठलं-भात घेऊन, आणि आईजवळ बसल्या. आई दुपारभर बोलत होती. घरात तिचं कोणी ऐकलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मीही पुढे दुसऱ्या दिवशी जायला लागलो. मला ते त्यांच्याइतकं कधी जमलं नाही.

यंदा प्रभाताईंनी पंचाहत्तरी पूर्ण केली. घाडींचं पार्लर केव्हाच गेलं, तिथे त्यांच्या मुलाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. गौरव समितीत घाडी सगळ्यात उत्साही. त्यांनी चौकात प्रभाताईंचा हसरा फोटो असलेला लुकलुकणारा डिजिटल बोर्ड लावला, भोवती लाल-हिरवी रोषणाई. समितीने माना डोलावल्या, मीसुद्धा. संध्याकाळी फोन आला. "पेडणेकर, बसमधून बघितलंत का?"

बोर्ड उतरवला. घाडी फार हिरमुसले. ऐंशी उलटलेला माणूस, दुकानात स्टुलावर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी प्रभाताई काठी टेकत दुकानात आल्या. घाडी बोलले, त्यांनी ऐकलं. बोलणं संपल्यावर घाडी इतक्या वर्षांच्या सवयीने म्हणाले, "चहा तर तुम्ही घेणार नाय."

"आता माझी सही कुठेच चालत नाही," प्रभाताई म्हणाल्या. "टाका."

प्रभाताईंचे गुडघे आणि डोळे आहेत तसेच राहोत आणि शंभरी पार करतानाही त्यांना कोणाच्या ना कोणाच्या दारात दुसऱ्या दिवशी चालत जाता येवो, एवढंच मागणं. घाडी आता चहाचं आधण ठेवूनच त्यांची वाट बघतात.