हिराचा फेडलेला नवस

हिराची स्लाइड स्वच्छ निघाली. मायक्रोस्कोपवरून उठलो, पुन्हा बसलो, पुन्हा पाहिली. एकही वाईट पेशी नाही. मागच्या महिन्यात हीच नऊ वर्षांची पोर हिरड्यांतून रक्त गळत सोलापूरच्या आमच्या वॉर्डात आली होती. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर.

मी नुकताच मुंबईहून रक्तरोगांचं ट्रेनिंग घेऊन आलो होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. सत्तरच्या दशकात या आजारावर औषध आहे हेच आमच्याकडे फार जणांना ठाऊक नव्हतं. मला होतं, आणि त्याचा अभिमानही होता. अजून आहे.

"झाली ना बरी? मग बेड मोकळा कर," आमचे सर म्हणाले.

"सर, ही रेमिशन आहे. क्युअर नाही."

"ते मला नको, तिच्या बापाला सांग."

रेमिशन म्हणजे रोग दिसेनासा होतो, पण आत दडून असतो. तो पुन्हा उठू नये म्हणून दोन-तीन वर्षं गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. हे तिच्या मेंढपाळ बापाला, मायाप्पाला, कसं सांगायचं, ते कुठल्या लेक्चरात नव्हतं. पण मी शेतकऱ्याचा मुलगा.

"मायाप्पा, हरळी वरवर खुरपली तर रान स्वच्छ दिसतं. मुळं राहतात का नाही?"

"ऱ्हात्यात की."

"तसंच हे. गोळ्या थांबवायच्या नाहीत. पुढच्या महिन्यात पोरीला घेऊन यायचं."

"व्हय, साहेब."

पुढच्या महिन्यात कुणी आलं नाही. कार्ड टाकलं, उत्तर नाही. एका रविवारी एसटीनं नातेपुत्याला उतरलो आणि तिथून वस्तीपर्यंत चालत गेलो. हिरा कोकरांमागं पळत होती. औषधानं गेलेले केस पुन्हा मऊ मऊ उगवत होते. मला बघताच ओरडली, "आये, सुईवालं डाक्टर आलं!" आणि मेंढरांच्या आड लपली.

गोळ्यांची पुडी आढ्याला टांगलेली. तशीच.

"मायाप्पा, हे काय?"

"नवस फेडला की, साहेब. बिरुबाला बोकड दिला. समदी भावकी जेवली."

"मग गोळ्या का बंद?"

"आता गोळी चारली तर देव म्हनंल, ह्येचा माज्यावर इस्वास न्हाय. दिल्यालं माघारी घील त्यो."

मला हसता येईना. मी डॉक्टर झालो तेव्हा माझ्या आईनंही नवस फेडला होता. फेडल्यावर शंका घ्यायची नसते, हे मी आईच्या हातचं खातच शिकलो होतो.

"अहो, मुळं राहिलीत आत!"

"मुळं त्योच काडंल."

"मग गोळीही देवानंच धाडली समजा."

"देव कशाला सोलापूरला जातुय औशिद आणाया? त्यो हितंच हाय की!" मायाप्पा हसला आणि माझ्यापुढं चहा ठेवला. मी फार वेळ बोललो. शेवटी पुडी तिथंच ठेवून निघालो.

बाजरीची काढणी चालू असताना तो हिराला खांद्यावर घेऊन आला. स्लाइड वाईट पेशींनी गच्च भरलेली. तीच औषधं पुन्हा दिली. या खेपेला रोग हललाही नाही. मुंबईला माझ्या शिक्षकांना ट्रंक कॉल लावला.

"परत उठलाय? मग आपल्या हातात फारसं काही नाही, बाबा," ते म्हणाले.

व्हरांड्यात मायाप्पा वाट बघत उभा होता.

"साहेब, आजून येक बोकड बोलू का? का दोन बोलू?"

"बोला," मी म्हणालो.

हिरा त्याच आठवड्यात गेली. बोकड कळपातच राहिले.

त्यानंतर अशा प्रत्येक घराला मी पहिल्याच दिवशी विचारायला लागलो, नवस बोललाय का? बोलला असेल तर गोळ्या संपल्यावर फेडायचा, त्याआधी नाही. बरेच जण ऐकायचे. पण गोळ्या संपेपर्यंत पोर जगलं आणि नवस फेडायचा दिवस आला, अशी घरं फार थोडी.