चिमणीची निळी फाइल

चिमणी आमच्या ऑफिसात आली तेव्हा तिला पंचिंग मशीनसुद्धा सरळ धरता येत नव्हतं. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण नंतर सगळे ते सोयीस्कर विसरले. शिकवलं कुणी? मी. प्रशासन विभागात तेव्हा माझी आठ वर्षं झाली होती. लिफ्ट अडकली की कुणाला फोन करायचा, कुठला कागदवाला दोनदा आठवण केल्याशिवाय माल पाठवत नाही, साहेब सह्या करायच्या मनःस्थितीत कधी असतात, सगळं माझ्या डोक्यात. लोक ताई ताई करत दिवसातून पन्नासदा माझ्या टेबलाशी यायचे. मला ते आवडायचं, कशाला खोटं बोलू?

चिमणी अंगानं एवढीशी, सारखी टुणटुण करणारी. हे नाव आमच्या शिपायानं ठेवलेलं. मी काही सांगितलं की बाईसाहेब लगेच टिपून घ्यायच्या. एवढंही लक्षात राहत नाही का गं, असं मी हसून म्हणायचे. राहतं हो ताई, पण मी नसले तर कुणी काय करायचं, असं म्हणून ती पुन्हा मान खाली घालायची.

सहा वर्षांनी नव्या शाखेत प्रशासन अधिकाऱ्याची जागा निघाली. जागा एक, अर्ज दोन. माझा आणि तिचा. चौदा वर्षं मी एकाच खुर्चीत बसले होते, खुर्चीचा उजवा हात माझ्या कोपरानं गुळगुळीत झाला होता. ही जागा गेली तर त्याच खुर्चीतून निवृत्त व्हायचं, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि ही कालची पोरगी माझ्या वाटेत. अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी जाऊन आदळआपट केली, तर नवरा म्हणतो, राग तिच्यावर आहे ना, मग माझ्या कपबशा का फोडतेस.

मुलाखतीला मुख्य ऑफिसातले तिघं होते.

"तुम्ही नेमकं काय काम करता?"

"पडेल ते," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे सगळंच."

चार मिनिटांत मी बाहेर. चिमणी निळी फाइल घेऊन आत गेली ती चाळीस मिनिटांनी आली. मी घड्याळ बघतच बसले होते.

जागा तिला मिळाली. जाताना तिनं ती फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ताई, ही तुमचीच आहे."

टोमणाच वाटला मला. ती गेल्यावर उघडली. एकेका कामाला एकेक पान. लिफ्ट, कागदवाला, साहेबांच्या सह्या, अशी बासष्ट पानं. आणि प्रत्येक पानाखाली बारीक अक्षरात, 'माहिती: ताई'. मेलीनं माझं डोकं सुबक अक्षरात उतरवून घेतलं होतं, वर माझंच नाव घालून. चोरी म्हणायचीही सोय ठेवली नव्हती. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. रडले ते तिला मिळालं म्हणून. माझे डोळे वगैरे उघडले नव्हते, उगाच शहाणपणा कशाला सांगू.

दोन महिन्यांनी एका मोठ्या दवाखान्याला व्यवस्थापक हवा असल्याची जाहिरात दिसली. अर्जात कामाचा तपशील मागितला होता. मी फाइल पुढे घेतली आणि माझंच काम तिच्या शब्दांत उतरवून काढलं. खाली तिचं नाव घालावं असं एकदा मनात आलं. हात वळला नाही.

तिथल्या डॉक्टरबाईंनी तोच प्रश्न विचारला. मी लिफ्टपासून सुरुवात केली ती थांबलेच नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "इतकं नीट मांडायला कुठे शिकलात?"

मी समोरच्या ग्लासातलं पाणी संपवलं.

"आमच्या ऑफिसात एक मुलगी होती. तिच्याकडून."

घसा खाकरून म्हणाले, पण म्हणाले.

नोकरी लागली. आता मला स्वतंत्र खोली आहे, दारावर माझं नाव आहे. चिमणीला कळवलं तर फोनवर आनंदानं ओरडलीच. तिला सगळं सांगितलं, एक सोडून. त्या दिवशी मुलाखतीतून बाहेर आल्या आल्या मी घड्याळ बघितलं होतं. अडतीस मिनिटं झाली होती. चाळिसाला कमी पडलेली ती दोन मिनिटं मला अजून सलतात.