लांबून नमस्कार

“तू राहू दे. तू लांबूनच कर.”

वसुधाकाकूंनी पाय मागे घेतले. साडीच्या निऱ्यांत ओढून घेतले. मी वाकलेली होते. माझे हात तसेच अधांतरी राहिले. पुढची मुलगी नमस्कार करून बाजूला झाली होती, मागचीला यायची घाई होती. मधे मी.

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत त्यांचं घर. खाली बेसमेंटमध्ये दर शनिवारी भरतनाट्यमचा क्लास. भिंतीला आरसे, कोपऱ्यात नटराज, त्याच्यापुढे बॅटरीवरचा दिवा. क्लास संपला की मुलींनी रांग लावायची. काकूंच्या पायाला हात लावायचा, काकू डोक्यावर हात ठेवणार, मग जॅकेट घालून घरी. त्या शनिवारपर्यंत माझ्याही डोक्यावर हात यायचा. मऊ हात होता. मला तो फार आवडायचा.

मधल्या आठवड्यात एवढंच झालं होतं, की काकू माझा कॉश्च्यूम द्यायला आमच्या अपार्टमेंटवर आल्या होत्या. हॉलमध्ये बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. आईने चहा टाकला. काकू म्हणाल्या, “नको, आत्ताच घेतला.” बोलत होत्या आईशी आणि बघत होत्या फोटोकडे.

आईने त्यांना फोन करून विचारलं. मी शेजारीच उभी होते, फोन स्पीकरवर होता. काकूंचा आवाज साखरेत घोळलेला. “अहो, तुमच्यात नसतं ना हे पाया पडणं वगैरे. मी आपला तुमच्या भावनांचा आदर केला.”

आईने “बरं” म्हणून फोन ठेवला. कारण ते खरं होतं. बाबा आम्हाला कुणाच्या पाया पडू देत नसत, क्लासमधलं त्यांना माहीत नव्हतं. आमचीच गोष्ट उचलली आणि आमच्याच तोंडावर मारली. वर आदर म्हणाल्या.

बाबा म्हणाले, “बरंच झालं ना बेटा. आपल्याला कोणाच्या पाया पडायचंच नाही.”

आई म्हणाली, “मग काहून रडून राहिली?”

काय सांगणार? आपण न वाकणं वेगळं. वाकलेल्या माणसाला हात लावू न देणं वेगळं. तेव्हा मी अकरा वर्षांची होते. नागपूरहून येऊन दोन वर्षं झालेली. हे सांगायला माझ्याकडे मराठी शब्द नव्हते आणि इंग्लिशही नव्हते.

बाबा म्हणाले, क्लास सोड. मी सोडला नाही. मला नाच हवा होता. काकू शिकवायच्या मात्र अप्रतिम, तिथे त्यांनी हातचं काही राखलं नाही. म्हणून तर अडकले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. वर्षानुवर्षं दर शनिवारी सगळ्या मुली पायाला हात लावायच्या आणि मी शेवटी, दाराजवळून हात जोडायची. रिया नावाची मैत्रीण होती. तिने एकदा विचारलं, “हाउ कम शी डझन्ट लेट यू?” मी म्हटलं, “इट्स अ रिलिजन थिंग.” काकूंचंच वाक्य मी त्यांच्या वतीने बोलले.

हळूहळू ते अंगात मुरलं. नाच संपला की माझे पाय आपोआप मागे सरकायचे. शिकवावं लागायचं नाही.

पुढे कॉलेज झालं, पिस्कॅटवेत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी लागली. दिवसभर स्क्रीनपुढे, संध्याकाळी अपार्टमेंटमध्ये कार्पेट गुंडाळून प्रॅक्टिस. मला पूर्णवेळ नाचायचं होतं, दुसरं काही नको होतं. क्वालालंपूरच्या एका नृत्यसंस्थेची ऑडिशन निघाली. निवड झाली तर तिथेच राहायचं, शिकायचं, त्यांच्याबरोबर देशोदेशी नाचायचं. सुट्टी टाकली आणि एकटी निघाले. आयुष्यात पहिल्यांदा एकटी.

ऑडिशनच्या आधी शहर पायी पालथं घातलं. न्यू जर्सीत तेव्हा बर्फ होतं, इथे घामाने कुर्ता पाठीला चिकटलेला. काचेच्या टॉवरांच्या पायथ्याशी टपऱ्या, टपऱ्यांवर पराठ्यासारखी रोटी चनाई. हिंदुस्थानी वस्तीत फुलांची दुकानं ओळीने. एका तमिळ बाईने हसत माझे केस हातात घेतले, विंचरल्यासारखे बोटांनी सारखे केले आणि मोगऱ्याचा गजरा माळला. नाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. पुढच्या गल्लीत विहार होतं. तिथे बायका वंदना म्हणत होत्या. आईने शिकवलेली तीच पाली, चाल तेवढी वेगळी. मी त्यांच्यात बसले आणि म्हटली. मूर्तीपुढे कपाळ टेकवलं. वाटलं, या गावात माझं जमेल. मला खरंच तसं वाटलं.

ऑडिशनच्या हॉलमध्ये एका बाजूला वेताच्या खुर्चीत संस्थेच्या मुख्य गुरू बसल्या होत्या. म्हाताऱ्या. सगळे त्यांना अम्मा म्हणत. मुलगी आली की आधी जमिनीला नमस्कार करायची, नाचायची, मग जाऊन अम्मांच्या पायाला हात लावायची. तमिळ मुली, चिनी मुली, सगळ्याच. माझ्या आधी सगळ्यांनी केलं. मी बघत होते. डोळ्यांनी बघत होते.

माझी पाळी आली. जमिनीला नमस्कार केला. नाचले. इतकी चांगली मी कधीच नाचले नव्हते. पाय बोलत होते, दम टिकला, अम्मांची मान तालावर हलताना मला दिसली. संपलं. आणि माझे पाय मागे गेले. पार दारापर्यंत. तिथून मी हात जोडले.

अम्मा इंग्रजीत म्हणाल्या, “पदन्यास स्वच्छ आहे तुझा. पण मुली, तुझ्या गुरूंनी तुला नमस्कार करायला शिकवलं नाही?”

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, “अमेरिका.”

काय सांगायचं? बेसमेंट सांगायचं, निऱ्या सांगायच्या, चहा सांगायचा? मी म्हणाले, “सॉरी.” तेव्हाही पुढे जाता आलं असतं. पाय उचलेचनात.

दुपारी अम्मांच्या मदतनीस बाई बाहेर आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “तुझा नाच नडला नाही. पण इथे अम्मांच्या घरात राहून शिकायचं असतं. त्यांना वाटलं, तुला फार ताठा आहे.”

ताठा! मला!

ते ऐकून मी शहरभर वेड्यासारखी हिंडले. गाडीत बसले, कुठल्याही स्टेशनवर उतरले, परत बसले. रडू आलं तेही खालमानेने, कुणाला त्रास नको म्हणून. एका बाईने मला हात लावू दिला नाही. त्या लांब राहण्याची शिक्षा दुसऱ्या बाईने मला दिली. आणि दोघींपुढे मी गप्प. गजरा केसातच सुकला.

परत आले त्याच आठवड्यात वसुधाकाकूंचा फोन. “मलेशियाला जाऊन आलीस म्हणे! शनिवारी आपला ॲन्युअल प्रोग्रॅम आहे, ये गं. मुलींना इन्स्पिरेशन मिळेल.” का गेले, माहीत नाही. बोलावलं की जायचं, हीसुद्धा सवयच.

एका हायस्कूलचं ऑडिटोरियम. आई माझ्याबरोबर होती. काकूंनी मला स्टेजवर घेतलं. माईकवर म्हणाल्या, “ही आमची मुलगी. माझ्या हातून तयार झाली. आमच्याकडे कधी कसला भेद नसतो.” टाळ्या. मग त्या खुर्चीत बसल्या. निऱ्यांतून पावलं पुढे आली. नखांना लाल पॉलिश. “ये, आशीर्वाद घे.”

समोर मोबाइल वर झाले.

खोटं कशाला सांगू, माझी कंबर वाकायला निघाली होती. त्या मऊ हातासाठी निघाली होती. इतकी वर्षं जे हवं होतं ते समोर होतं आणि फुकट मिळत होतं, फक्त फोटोपुरतं. मी थांबले. सरळ उभी राहिले.

“राहू द्या, काकू. मी अकरा वर्षांची होते तेव्हा तुम्ही पाय मागे घेतलेत. सगळ्यांसमोर. आज मी नाही म्हणते. सगळ्यांसमोर.”

माईक त्यांच्या हातात होता. माझा आवाज पहिल्या दोन रांगांपलीकडे गेला नसेल. काकू हसल्या आणि माईकवर म्हणाल्या, “जेटलॅग आहे बिचारीला!” सगळं सभागृह हसलं. पुढच्या नाचाचं म्युझिक लागलं. लहान मुली घुंगरं वाजवत आत आल्या आणि मला बाजूला व्हावं लागलं.

गाडीत बसल्यावर आईने माझा हात धरला, घर येईपर्यंत धरूनच ठेवला. मला त्याने बरं वाटलं नाही. अजून वाटत नाही.

नोकरी चालू आहे. कार्पेट रोज गुंडाळते. पुढच्या वर्षी ती ऑडिशन परत आहे आणि मी जाणार आहे. जमिनीला नमस्कार करीन, नाचीन, आणि संपल्यावर मागे सरकणार नाही. अम्मांच्या समोर जाऊन उभी राहीन. पाया पडणार नाही. त्या विचारतील, गुरूंनी शिकवलं नाही का? सॉरी म्हणणार नाही. सांगेन, शिकवलं होतं. रांगेतल्या सगळ्यांना शिकवलं होतं. माझी पाळी आली तेव्हा पाय मागे घेतले. का घेतले, तेही सांगेन, माझ्या जातीचं नाव घेऊन, मोठ्याने, हॉलमधल्या शेवटच्या मुलीला ऐकू जाईल असं. त्यानंतर मला घ्यायचं की नाही, ते अम्मांनी ठरवावं. पण या वेळी नाही म्हणायचं असेल, तर त्यांना स्वतः, माझ्याकडे बघून म्हणावं लागेल.