चुकलेला प्रश्न

लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत मी ट्रेनिंगचं काम बघते. ऑफिस अंधेरी पूर्वेला, मरोळच्या आतल्या रस्त्यावर. पूर्वी आम्ही मेकॅनिक लोकांना वर्षातून दोनदा हॉलमध्ये बसवायचो, दिवसभर स्लाइड दाखवायचो, जेवायला घालायचो. जेवणानंतर निम्मे डुलक्या घ्यायचे. मग आमच्या साहेबांनी ठरवलं, की रोज सकाळी प्रत्येकाच्या कंपनीच्या फोनवर तीन मिनिटांचा व्हिडिओ जाईल आणि त्याखाली दोन प्रश्न. बघून उत्तरं दिली, बरोबर असोत की चूक, की माझ्या स्क्रीनवर त्या माणसाच्या नावापुढे हिरवा ठिपका. नाही दिली तर लाल.

हे सगळं मी बसवलं. मराठी व्हिडिओला बाहेरचा आवाज घ्यायला बजेट नव्हतं, म्हणून तोही माझाच. मीटिंग रूमचा एसी बंद करून, दाराला शाल लावून मी घाम पुसत रेकॉर्डिंग करायचे. एक नियमही मीच घातला होता: चुकलेला प्रश्न त्याच्या व्हिडिओसकट दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा, बरोबर उत्तर येईपर्यंत. जुने प्रश्नही अधूनमधून फिरून यायचे. साहेबांना तो फार आवडला होता.

आमचे एक जुने मेकॅनिक होते, मूळचे कणकवलीकडचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही. बोलणं कमी, हात चांगला. त्यांचा ठिपका रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास हिरवा व्हायचा. पोरं आळस करायची तेव्हा मी त्यांना सुनवायचे, "मामांकडून शिका जरा."

मामा एका रविवारी पहाटे घरीच गेले. हार्ट ॲटॅक. घाटकोपरला स्मशानात आम्ही ऑफिसचे बरेच जण होतो.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, सोमवारी सकाळी, मेकॅनिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नेहमीचा मेसेज पडला. तो ॲप आपोआप टाकतं. गेल्या आठवड्यात रोज न चुकता व्हिडिओ बघणाऱ्यांत जो पुढे, त्याचा फोटो आणि खाली 'शाब्बास!' फोटो मामांचा होता. ओळखपत्रावरचा, कडक कॉलरचा, किंचित हसरा.

ग्रुपवर कोणीच काही लिहिलं नाही. एरवी तिथे दिवसभर जोक चालतात. दुपारी मुलुंडच्या साइटवरून एकाचा फोन आला. "मॅडम, ते काय आहे? काढा ना ते. मी आज ॲप उघडलेलंच नाही. भीती वाटते यार."

मला वाटलं, जुनाच हिशेब कुठेतरी अडकला असेल. मी मामांचं पान उघडलं. ते गेले त्या रविवारपासून दहा लाल ठिपके होते. आणि मग, अकराव्या दिवसापासून, रोज हिरवा. सात दहा. सात अकरा. सात दहा. त्या दिवशी सकाळचाही होता.

आमच्या आयटीच्या मुलीला दाखवलं. तिनं खुर्ची मागे घेतली. "बग नाहीये हा. फोनवरूनच येतंय. त्याच फोनवरून." मग म्हणाली, "तू उत्तरं बघितलीस का?"

दोनपैकी एक उत्तर रोज बरोबर होतं. दुसरं रोज चूक, आणि रोज तोच प्रश्न. साइटवर असताना छातीत दुखू लागलं तर तुम्ही काय कराल? पर्याय पहिला: काम लगेच थांबवून सुपरवायझरला सांगेन. पर्याय दुसरा: हातातलं काम संपवून मग बघेन. दुसऱ्यावर खूण होती. चूक उत्तर, म्हणून माझ्या नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. गेलेल्या माणसाला माझं ॲप रोज सकाळी विचारत होतं, छातीत दुखलं तर काय कराल. आणि तिकडून रोज उत्तर येत होतं.

भरदुपारी, माणसांनी भरलेल्या ऑफिसात मी ते पान बंद केलं आणि पुन्हा उघडलं.

साहेबांना सांगितलं. त्यांनी डोकंही वर केलं नाही. "फोन परत घ्यायचा राहिलाय, एवढंच. शुक्रवारी अकाउंट बंद होईल. तोवर तू त्यात पडू नकोस."

मी पडले. मंगळवारी सकाळची मेट्रो पकडून असल्फाला उतरले. मामांचं घर टेकडीवर, पायऱ्या चढून बरंच वर. थंडीचे दिवस होते, खाली धूर आणि धुकं एकत्र साचलं होतं, वरची घरं तेवढी दिसत होती. एका बाईला विचारलं, तिनं हातानं दार दाखवलं. अर्धवट लोटलेलं, निळं दार.

मी कडी वाजवायला हात उचलला आणि आतून बाईचा आवाज आला. शांत, एकेक शब्द सुटा.

"लक्षात ठेवा, तुमच्यापेक्षा काम मोठं नाही. छातीत दुखत असेल तर थांबा."

तो माझा आवाज होता. मी बाहेर उभी होते आणि आत मी बोलत होते. त्या घरात मी पाय ठेवला नव्हता, पण आवाज रोज येऊन जात असावा इतका तो तिथं रुळलेला वाटला. क्षणभर वाटलं, वळावं आणि पायऱ्या उतराव्यात. पण व्हिडिओ संपला आणि मी कडी वाजवली.

दार मामांच्या बायकोनं उघडलं. स्मशानातून परतताना मी त्यांना घरी भेटायला जायचं टाळलं होतं, त्यामुळे ही पहिलीच भेट.

"वहिनी, मी ऑफिसमधून..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी तोंडावर हात ठेवला. "तुमीच त्या. आवाज ओळखलंय मी. बसा, बसा."

त्या ओट्याशी गेल्या, चहा ठेवला. फोन पलंगावर होता, स्क्रीन अजून उजळलेली. प्रश्न समोर होता, उत्तर द्यायचं बाकी होतं. मला काय विचारायचं ते त्यांना कळलं असावं. पाठमोऱ्याच बोलू लागल्या.

"मीच करतंय ते. आत्ता न्हय, पयल्यापासून मीच. त्यांना ती बारीक अक्षरं दिसायची नाहीत आणि चष्मा लावायचे नाहीत. ते अंघोळीला गेले की मी व्हिडिओ लावायचे, डबा भरता भरता ऐकायचे, उत्तरं द्यायचे. चुकून पण चुकले नाही कधी."

दोन वर्षं मी ज्या ठिपक्याचं उदाहरण देत होते, तो मामांचा नव्हताच. मामांनी माझा एकही व्हिडिओ बघितला नव्हता. ते गेले आणि दहा लाल ठिपके सोडले तर माझ्या यादीत काहीही बदललं नव्हतं, कारण त्या यादीत ते कधी नव्हतेच.

"मग आता हा एक प्रश्न का चुकवता?" मी विचारलं.

त्यांनी गॅस बंद केला. चहा तसाच भांड्यात राहिला.

"ते गेले त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी हाच प्रश्न आला होता. मी बघितलं आणि बरोबर उत्तरावर बोट ठेवलं. ते इथंच, मोरीत दात घासत होते. त्यांना विचारलंच नाही मी. नुसतं विचारलं असतं, की अहो, तुम्ही काय कराल, तरी बोलले असते. दोन दिवस छाती भरून येत होती त्यांची. त्या शनिवारी मुलुंडच्या टॉवरवर, गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीन रूममध्ये एकटे असताना दुखलं, तर तासभर बसले आणि काम संपवून आले. घरी आल्यावर हे सगळं सांगितलं आणि म्हणाले, ॲसिडिटी झालीय. सोडा प्यायले." त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. "दहा दिवस फोन बंदच पडला होता. मग चालू केला तर वाजला. उघडून बघते तर तोच प्रश्न परत. तेव्हापासून त्यांचं खरं उत्तर देते. तुमच्याकडे खोटं लिहिलेलं राहायला नको."

त्यांनी फोन मांडीवर घेतला. मला वाटलं, उत्तर देऊ का म्हणून मला विचारतील. विचारलं नाही. दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवलं. स्क्रीनवर आलं, 'उत्तर चुकलं. उद्या पुन्हा प्रयत्न करा.'

"उद्या येतो तो," त्या म्हणाल्या, जणू एखाद्या माणसाविषयी बोलत होत्या. "बरं वाटतं. त्यांना कोणीतरी रोज विचारतंय."

खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हटलं, "वहिनी, शुक्रवारपर्यंतच येईल. मग बंद होणार आहे."

त्यांनी मान हलवली. "मग शुक्रवारपर्यंत देईन."

शुक्रवारी सकाळी मी घरूनच लॅपटॉप उघडून बसले. सात वाजून दहा मिनिटांनी ठिपका हिरवा झाला. उत्तर तेच. दुपारी अकाउंट बंद झालं, संध्याकाळी कोणीतरी जाऊन फोन घेऊन आलं.

पुढचा महिनाभर मी दुपारी वेळ काढून मेकॅनिकच्या घरी फोन करत राहिले. व्हिडिओ कोण बघतं, एवढंच विचारायचे. कोणाची मुलगी, कोणाची बायको, बोरिवलीच्या एकाचा तर शेजारी. मी सगळं लिहून साहेबांना दिलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "हे क्लायंटला दाखवता येणार नाही." मी म्हटलं, क्लायंटला नकोच, पण मामा वर एकटे होते आणि आपल्या रेकॉर्डला त्यांना सगळं येत होतं. त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी दोन गोष्टी मंजूर केल्या: मशीन रूममध्ये एकटं जायचं नाही, आणि सुपरवायझरनं रोज दुपारी प्रत्येकाला फोन करून तब्येत विचारायची. ठिपका नाही, फोन. काही सुपरवायझर करतात. काही करत नाहीत, करतो म्हणतात. ते मला ओळखू येतं आता.

व्हिडिओ अजून जातात. आवाज मी बदलून घेतला, आता कॉम्प्युटरचा आहे. लोकांना फरक कळला नाही. वहिनींचा मात्र एकदा फोन आला, पीएफच्या कागदांसाठी. काम सांगून झालं, तरी त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी पायऱ्यांवरून हाका मारत गेलं.

"बोला ना काहीतरी," त्या म्हणाल्या. "काही पण. मी ऐकतंय."

मी त्यांना जेवण झालं का, म्हणून विचारलं.