डाव्या हाताचा पीळ

इस्लामपुरात आकाराम हवालदाराचं दुकान शोधायला पत्ता विचारावा लागत नाही. कारखान्याच्या रस्त्याला दोन-चार ट्रॅक्टर बॉनेट उघडून उभे दिसले आणि कुणाची तरी खरडपट्टी निघताना ऐकू आली, की तेच दुकान. फौजेच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करून तो गावी आला आणि इथंही तेच काम धरलं. प्रत्येक वायरीला नंबराची चिकटपट्टी लावायची शिस्त त्यानं फौजेतून आणली. गिऱ्हाइकावर आवाज चढवायची सवय बहुतेक जन्माचीच असावी.

फ्यूजच्या जागी तार घातलेली गाडी आली, की त्याचा पारा चढे. हा उसाचा मुलूख. शेतातल्या मोटरीला वीज कधी कमी, कधी जास्त, फ्यूज सारखा उडतो, आणि दर वेळी मळ्यात हेलपाटा कोण मारणार? म्हणून लोक फ्यूजमध्ये जाड तार पिळून घालतात. मोटर चालते. पुढं तीच सवय ट्रॅक्टरला लागते. "चालतंय की," असं कुणी म्हटलं, की हवालदार म्हणे, "फ्यूज चालायसाठी नसतोय रं, उडायसाठी असतोय."

आणि तरी आयुष्यात एकदा त्यानंही तेच केलं होतं.

ते एकोणीसच्या पुरात. कृष्णेकाठच्या गावात त्याची बहीण दिलेली. तिला बघायला तो गेला आणि तिथंच अडकला. गावातल्या तानाजी भोयाची पत्र्याची मासेमारीची बोट तेवढी चालू होती. मागं पेट्रोलचं इंजिन, पुढं एक दिवा, आणि आत साठणारं पाणी उपसायला बॅटरीवरचा छोटा पंप. पुराच्या पाण्यात उसाचं पाचट वाहत येई, पंपात अडके आणि फ्यूज उडे. तानाजीकडचे सगळे फ्यूज संपले. मळ्यातल्या घरांच्या छपरांवर माणसं बसलेली, दुकानं पाण्याखाली. आकारामानं वायरीतले तांब्याचे सहा धागे काढले, पीळ मारला आणि फ्यूजच्या चिमट्यांत बसवले. म्हणाला, "पूर उतरला की आदी ही काढायची बरं का."

त्या गावच्या घाटावर एक पद्धत आहे. बोटीचं काम करणाऱ्यानं पहिल्या फेरीला स्वतः बोटीत बसायचं. सुतार असो, पत्रेवाला असो, आपलं काम आपल्या जिवावर तपासायचं. पण त्या दिवशी एकेका माणसाची जागा मोलाची होती. आकाराम काठावरच राहिला. तानाजीनं दोन दिवसांत पन्नासेक माणसं काढली.

पूर ओसरल्यावर तानाजी इस्लामपूरला दुकानात आला. तिथंही पाणी शिरून गेलेलं, गुडघाभर चिखल उपसायचं काम चाललेलं. आकारामानं वरच्या फळीवरचे दोन काचेचे फ्यूज वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिले. "तूच बसीव. सोपं हाय." एवढंच बोलणं झालं.

पाच महिन्यांनी, सकाळी जाळं ओढताना, नदीच्या मध्यावर तानाजीची बोट पेटली. दुसऱ्या बोटवाल्यांनी त्याला पाण्यातून काढला. आठ दिवस तो दवाखान्यात होता. मग गेला. गाव म्हणालं, बिडीनं घात केला, पेट्रोलजवळ बिडी ओढायची का? आकारामही तेच म्हणाला होता, आणि चांगलं चार लोकांत म्हणाला होता.

यंदा तानाजीची मुलगी अंकिता दुकानात आली. कॉलेज करून मासेमारीचा परवाना काढून आलेली, बोलायला थेट.

"काका, बाबांची बोट पाण्यात टाकायची हाय. पत्रा बदलून घेतलाय. वायरिंग तुमीच करायचं. आई तयार झालीया, पण म्हनती, बोटीवर कुनी बिडी-काडी आनायची न्हाई."

आकाराम सामान घेऊन घाटावर गेला. करंजाच्या झाडाखाली बोट उभी होती. जुनं वायरिंग जळून काळ्या दोऱ्यांसारखं झालेलं. मागच्या बाजूला फ्यूजची पेटी वितळून गोळा झाली होती. त्यानं पकडीनं तो गोळा फोडला. आत चिमटे होते, आणि चिमट्यांत अजून तार होती.

आकाराम डावखुरा. सगळे मिस्त्री तारेला पीळ देतात त्याच्या उलटा त्याचा पीळ पडतो. फौजेतल्या उस्तादानं दोन वर्षं शिव्या घालून पाहिल्या आणि शेवटी नाद सोडला. हातातल्या तारेचा पीळ उलटा होता. तो बोटीच्या कडेवर खाली बसला.

सगळं त्याला एकामागून एक दिसलं. पंपात काही अडकलं असणार. खरा फ्यूज तिथंच उडाला असता आणि पंप बंद पडला असता. तार उडाली नाही. वायर तापत गेली, वरचं प्लास्टिक पेटलं, आणि शेजारून पेट्रोलची नळी गेली होती.

तार खिशात घालून तो कामाला लागला. दोन दिवस त्यानं कुणावर आवाज चढवला नाही. बॅटरी पुढच्या टोकाला नेली, पेट्रोलपासून लांब. वायरी प्लास्टिकच्या नळीतून ओढल्या, नंबर लावले. दिव्याला वेगळा फ्यूज, पंपाला वेगळा, भोंग्याला वेगळा. जास्तीचे फ्यूज पेटीच्या झाकणालाच चिकटवले. हात काम करत होते आणि डोकं वकिली करत होतं. मी फ्यूज दिले होते. त्यानं बसवायचे होते. पुरात दुसरं काय केलं असतं? प्रत्येक मुद्दा खरा होता आणि एकानंही त्याला बरं वाटलं नाही. गप्प राहिला असता तर कुणाला कधी कळलं नसतं. नाव राहिलं असतं, दुकान राहिलं असतं. पण मेलेल्या माणसाच्या माथी त्याची चूक बसली होती आणि पाच वर्षं ती तिथंच होती.

तिसऱ्या दिवशी बोट पाण्यात ढकलली. तानाजीची बायको, बयाबाई, नारळ घेऊन आली. बोट जळाल्यापासून ती घाटावर आली नव्हती. तिनं नारळ फोडला आणि म्हणाली, "बसा हवालदार. पैली फेरी तुमची."

"वैनी, आदी ऐका." त्यानं तार काढून तळहातावर धरली. "ही तुमच्या जुन्या पेटीत घावली. उलटा पीळ हाय. असा पीळ ह्या भागात मी एकटाच मारतो. पुरात मीच घातलेली. फ्यूज असता तर आग लागली नसती. तानाजीनं बिडी वडली न्हवती. त्याचा काय दोष न्हाई."

"डबी घावली व्हती की त्यांच्या खिशात," बयाबाई म्हणाली. "बिड्यांची. दवाखान्यात माज्या हातात दिली. पालीच्या खंडोबाम्होरं शपथ घेऊन बिडी सोडलेली त्यांनी. मी तशीच आत गेले आन् म्हनलं, आता तरी खोटं बोलू नगा. बोलता येत न्हवतं त्यास्नी. नुस्ती मान हलवत व्हते."

"आई, डबीत काय व्हतं?" अंकितानं विचारलं.

"उघडतीय कुठं ती. आचेनं झाकन बसलंय. खुळखुळतीय तेवढं."

अंकिता घराकडं पळाली आणि डबी घेऊन आली. आकारामानं झाकणाच्या फटीत पेचकस घालून ते उचकटलं. आत वर्तमानपत्राच्या करपलेल्या कागदात दोन काचेचे फ्यूज होते. बाकी सगळी बडीशेप, जळून काळी पडलेली. बिडी एकही नव्हती.

बयाबाई पायरीवर खाली बसली. बडीशेपेचे दाणे तिनं बोटानं इकडून तिकडं केले. रडली नाही.

"तुमच्यावर राग काढू का माज्यावर, मला कळंना झालंय," ती म्हणाली.

"माज्यावर काढा, वैनी."

"आन् माजं मी कुठं नेऊ?" ती उठली. पदर खोचला. "चला. बसा बोटीत."

"मला तो हक्क न्हाई."

"हक्क कोन म्हनतंय? पद्धत हाय. पुरात तुमी बसला न्हवता. आज बसा."

आकाराम पुढच्या फळीवर बसला. बयाबाईही त्याच्या मागोमाग चढली. अंकितानं इंजिन सुरू केलं, पंपाचं बटण दाबून पाहिलं, दिवा लावून पाहिला. नदी शांत होती. मध्यावर आल्यावर बयाबाईनं लेकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि इंजिन बंद करायला सांगितलं.

बोट थोडी पुढं गेली आणि पाण्याबरोबर वाहू लागली. बयाबाईनं डबी दोन्ही हातांत धरली होती. तिनं पाण्याकडं बघत, घरात बोलावं तशा आवाजात म्हटलं, "आवं, तुमी खरं बोलत व्हता. मी ऐकलं न्हाई."

आकारामाला मागं वळून बघायचं धाडस झालं नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

तिनं डबी पाण्यात टाकली नाही, पदराच्या टोकाला बांधली. बोट घाटाला लागली. पारावर नेहमीची पाच-सहा माणसं बसली होती. आकाराम उतरून सरळ त्यांच्याकडं गेला, तार त्यांच्यासमोर ठेवली आणि कुणी विचारलं नसताना पहिल्यापासून सांगायला लागला.